‘बाजारातून फक्त मीठ आणायचं’ म्हणणाऱ्या भाऊंना

पत्र:

ताई, नमस्कार. मी 57 वर्षांचा, राहणार डोंबिवली. प्रायव्हेट कंपनीत स्टोअरला 31 वर्षं काढली, पुढच्या वर्षी 58 पूर्ण झाले की रिटायर. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 22 लाखांच्या आसपास हातात येतील, पेन्शन म्हणाल तर पाच हजारसुद्धा धड नाही. वन बीएचके स्वतःचा आहे, कर्ज फिटलंय. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी सासरी. संगमेश्वर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आणि थोडी जमीन आहे, सातबारा सामाईक, चुलत भाऊ बघतो सगळं. माझा प्लॅन असा की फ्लॅट विकून गावी जायचं, अजून एकरभर जमीन घ्यायची, बोअरवेल, सोलर, एक गाय, कोंबड्या, गोबरगॅस, भात भाजी आंबा नारळ सगळं घरचं. बाजारातून फक्त मीठ आणायचं. बोअरवेलवाल्याला 20 हजार अ‍ॅडव्हान्स पण देऊन ठेवलाय. मिसेस डोंबिवलीचीच, ती घरी फॉल-पिको करते, तिला गावची सवय नाही पण होईल. मुलगा म्हणतो वेडेपणा आहे. तुम्ही स्वतः गावी राहता म्हणून विचारतो, जमेल का?
— एक थकलेला चाकरमानी

भाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना हसू आलं, कारण अकरा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी ठाण्याच्या घरात बसून वहीच्या मागच्या पानावर अगदी हेच लिहिलं होतं, गाय, कोंबड्या, मीठ, सगळं सेम टू सेम. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यावर अडकले. ‘तिला गावची सवय नाही पण होईल.’ त्यावर येतेच मी. आधी तुम्ही जे विचारलंय त्याचं बोलू, म्हणजे ताई विषय टाळतात असं वाटायला नको.

तर जमेल का? गावी राहणं जमेल. फक्त मीठ आणणं नाही जमणार, आणि जमवायच्या फंदातही पडू नका.

तांदळाचंच घ्या. दोन माणसांना दिवसाला 400 ग्रॅम धरले तर वर्षाचे दीडशे किलोच्या आतबाहेर होतात. चांगलं पिकलं तर गुंठ्याला 40 किलो भात, गिरणीतून त्याचे 25 किलो तांदूळ, म्हणजे सहा-सात गुंठ्यात तुमचं वर्ष निघतं. कागदावर किती सोपं ना. आता त्या सहा गुंठ्यासाठी पॉवर टिलरवाल्याच्या हातापाया पडायचं कारण पाऊस पडला की सगळ्या वाडीला तो एकाच दिवशी हवा असतो, मग लावणीला बायका मिळवायच्या, त्यांची मजुरी, चहा, जेवण, मग कापणीच्या ऐन वेळी परतीचा पाऊस, आणि हे सगळं झाल्यावर रात्री रानडुकरं येऊन एका रात्रीत लोळून जातात. आम्ही पहिली दोन वर्षं भात केलं, हिशेब मांडला तर दुकानातल्या चांगल्या तांदळापेक्षा महाग पडला होता. तरी तिसऱ्या वर्षी पण केलं, कारण नवीन तांदळाची पेज. ती हौस आहे, आणि हौस जरूर करावी, पण बजेटमध्ये ‘बचत’ म्हणून लिहू नये.

भाजीचं सांगायचं तर आमच्या कोकणात भाजी लावणारा एक आणि खाणारे चाळीस, ते पण शेपटीवाले. माकडं भोपळ्याची फुलंसुद्धा सोडत नाहीत आणि वर कौलं फोडतात ती वेगळी. जाळी मारून छोटा वाफा केलात तर मिरची, वांगी, चवळी, पालेभाजी निघते दोघांपुरती. त्यातून अळू, शेवगा, केळी, फणस, परसातलं हे जे लाडकोड न करता येतं ना ते खरं पीक. भात कापल्यावर त्याच ओलीवर कुळीथ नाहीतर पावटा टाकला तर वर्षाची पिठी आणि कडवे निघतात, त्याला पाणीही द्यावं लागत नाही. यात मजा आहे, खरंच आहे. कोंबड्यांचं विचारू नका, ह्यांनी पंचवीस गावठी आणल्या होत्या, मुंगसाने तीन महिन्यांत हिशेब पूर्ण केला.

गाय आणि गोबरगॅस. दोन घनमीटरचा छोटा प्लँट चालवायला रोज 50 किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं झाली. एका गाईवर गॅस पेटत नाही हो, आणि कोकण कपिला गाय घेतलीत तर ती आपली छोटी, काटक, डोंगरात चरणारी, दिवसाला दोनेक लिटर दूध देईल फार तर. चांगली गाय आहे ती. पण गाय म्हणजे वर्षाचे 365 दिवस घराला बांधलेलं माणूस. लेकीकडे जायचं तर गाईला विचारून जावं लागतं. सिलेंडर घ्या, आणि शेजारच्या गोठ्यातलं दूध घ्या, त्याचंही घर चालतं.

हापूसबद्दल एवढंच की फवारणीचा खर्च दरवर्षी असतो आणि आंबा दरवर्षी नसतो. जुनी कलमं असतील तर करारावर देऊन टाका. नवीन काही लावायचंच असेल तर वेंगुर्ला-4 काजू लावा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरायला लागतो आणि सतत मागे लागावं लागत नाही. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून कोकणात दहा गुंठ्यांपासून पुढे अनुदान मिळतं, तीन वर्षांत हप्त्याने, झाडं जगली तरच पुढचा हप्ता. पण त्याला सातबारा लागतो आणि तुमचा सामाईक आहे म्हणजे बाकीच्यांची संमती आली.

इथेच खरी गाठ आहे. तुम्ही लिहिताय ‘आमची जमीन’. भाऊ, त्या सातबाऱ्यावर नावं किती आहेत ते बघितलंत का कधी? ऑनलाइन दिसतो आता, आज रात्री बघा. वडील गेल्यावर वारस नोंद केली होती का? आत्यांची नावं आहेत का? नसली तरी त्यांचा हक्क काही बुडत नाही. आणि तो चुलत भाऊ, ज्याच्याबद्दल तुम्ही ‘बघतो सगळं’ अशा दोन शब्दांत लिहिलंय, तो तीस वर्षं तिथे पावसाळे काढतोय. कौलं तो फिरवतो, घरपट्टी बहुतेक तोच भरतो, पालखी आली की ओटी तोच भरतो. तुम्ही गणपतीत चार दिवस जाता तेव्हा तो जो हसून स्टेशनला घ्यायला येतो ना, तोच माणूस तुम्ही कायमचे सामान घेऊन उतरलात की कसा बघेल याचा विचार करा. त्यात त्याचा स्वभाव वाईट म्हणून नाही, त्याच्या जागी मी असते तरी माझ्या पोटात गोळा आला असता.

म्हणून माझं ऐकाल तर सगळ्या जमिनीत वाटा मागायला जाऊ नका. घराचा तुमचा भाग, परसू आणि घराजवळचे दहा-पंधरा गुंठे एवढंच मागा, बाकी कसायला त्याच्याकडेच राहू दे असं आधी तोंडाने सांगा, मग कागद करा. सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली वाटप होतं, नाहीतर रजिस्टर वाटणीपत्र. राजी नसतील तर कोर्ट, आणि कोकणातल्या जमिनीच्या केसा नातवापर्यंत जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. हे काम नोकरीत असतानाच करा. रिटायर झाल्यावर वेळ असतो पण घाईही असते, आणि घाई असलेल्या माणसाला सगळे ओळखतात.

एकरभर नवीन जमीन तर अजिबात नाही. आहे ती कोण करणार?

आता पैसा, आणि इथे तुम्ही स्वतःला वाटतं तेवढे गरीब नाही आहात. फक्त फ्लॅट विकू नका. तुमच्यासारखे वन बीएचके भाड्याने जातात, मेंटेनन्स वगैरे वजा करून हातात नऊ-दहा हजार धरू. 22 मधले 15 लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका. 60 पूर्ण नसले तरी 55च्या पुढे रिटायर झालेल्याला चालतं, पण रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत टाकावे लागतात आणि कंपनीचं तसं पत्र लागतं, ते शेवटच्या दिवशीच मागून घ्या, नंतर एचआरवाले फोन उचलत नाहीत. 2023च्या एप्रिलपासून तिथे 8.2 टक्के होता, त्या रेटने दर तीन महिन्याला 30,750 येतात, म्हणजे महिन्याचे सव्वादहा हजार. भरताना त्या दिवशीचा रेट बघा, एकदा पैसे ठेवले की पाच वर्षं तोच राहतो. खातं वहिनींबरोबर जॉइंट काढा. पेन्शन साडेचार धरली तर सगळं मिळून 24 हजारांच्या आसपास. आमचा दोघांचा इथला खर्च 15-16 हजार आहे, औषधं धरून. म्हणजे जमतंय की!

उरलेल्या सात लाखांतले तीन दवाखान्यासाठी एफडीत, त्याला हात नाही लावायचा, सोलरसाठीसुद्धा नाही. बाकीचे घराच्या दुरुस्तीला. सगळ्यात आधी न्हाणी आणि संडास घराच्या आत, बाकी पडवीला टाइल्स वगैरे नंतर बघू. कंपनीचा मेडिक्लेम संपतो त्या आधी स्वतःचा चालू करा, शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. आणि वाडीपासून रात्री दोन वाजता गाडी कोण काढेल, त्याचं नाव तुमच्याकडे पाहिजे. विंचू, फुरसं, घोणस ही आपल्याकडची खरी माणसं आहेत भाऊ, आणि सापावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं, पण तिथपर्यंत पोचायला लागतं.

लाइटचं पण सांगून ठेवते. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोलीकडे सुपारीची बाग अर्धी आडवी झाली आणि घरात 19 दिवस लाइट नव्हती. मोबाइल बंद, पंप बंद. त्या 19 दिवसांत मी विहिरीतून रहाटाने पाणी काढलं. मी म्हणजे मीच, ह्यांची कंबर धरली होती.

आता वहिनींवर येते.

तुमच्या पत्रात गाईला एक ओळ आहे, कोंबड्यांना अर्धी, सोलरला अर्धी. वहिनींना पण एकच ओळ, आणि त्यातही त्या काय म्हणाल्या ते नाहीच, त्यांना काय ‘होईल’ ते आहे. आता तुमचाच प्लॅन परत वाचा आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहा. गाईचं शेण कोण काढणार? ताक कोण घुसळणार? कुळीथ कोण निवडणार, आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, कांदे, सुकी मासळी, मसाला, पापड ह्याची बेगमी कोण करणार, तुमचे पुण्या-मुंबईचे पाहुणे मे महिन्यात पंधरा दिवस येऊन ‘काय मस्त शांतता आहे’ म्हणत आंबे खात बसतील त्यांचा स्वयंपाक कोण करणार? तुम्ही रिटायर होताय आणि त्यांना नवीन नोकरी लागतेय, बिनपगारी, ह्या वयात, आणि तीही ओळखीच्या सगळ्या बायकांपासून अडीचशेहून जास्त किलोमीटर लांब.

आणि अजून एक, फॉल-पिकोचे किती मिळतात त्यांना महिन्याला? पाच हजार? सात? तुमच्या पेन्शनपेक्षा जास्त असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही. ते तुमच्या हिशेबात कुठेच नाहीत, ना आत्ताच्या जमेत ना गावी गेल्यावरच्या तुटीत. हे मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही, पण 31 वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाच्या रजिस्टरमधून एवढी एंट्री सुटली म्हणजे बघा.

मी तुम्हाला झापत नाहीये, म्हणजे थोडं झापतेय. तुम्ही थकलाय हे कळतंय मला. 31 वर्षं सकाळच्या फास्टला लटकलेल्या माणसाला शांत पडवी हवीशी वाटणं यात वेडेपणा काहीच नाही, मुलाला सांगा ताई म्हणाल्या. पण ती पडवी वहिनींनाही हवी आहे का, आणि कुठल्या अटींवर, हे तुम्ही विचारलेलंच नाही. कदाचित त्या म्हणतील वर्षातले सात महिने गावी, पावसाळा मुलाकडे. कदाचित म्हणतील शिलाई मशीन घेऊन येते आणि गाय आणलीत तर मी निघाले. तुम्हाला माहीत आहे का, गावात ब्लाउज शिवणारी चांगली बाई मिळणं हे चांगला प्लंबर मिळण्याएवढंच अवघड आहे, त्यांचा धंदा तुमच्या काजूच्या आधी उभा राहील.

तर ह्या वर्षी एक करा. गणपती-शिमगा सोडून जा. एकदा मे महिन्याच्या शेवटी, विहिरीचा तळ दिसतो तेव्हा, आणि एकदा जुलैत, सलग पंधरा दिवस. दोघंही. जुलैत कपडे वाळत नाहीत, पापडाला बुरशी येते, संध्याकाळी सातला काळोख आणि पागोळ्यांचा आवाज, दुसरं काही नाही. त्या पंधरा दिवसांत स्वयंपाक आणि भांडी तुमच्याकडे. मग ऑगस्टमध्ये मला परत लिहा, आणि ह्या वेळी पत्र वहिनींनी लिहायचं, तुम्ही वाचायचंसुद्धा नाही पोस्टात टाकायच्या आधी.

आणि हो, ते बोअरवेलचे 20 हजार उद्याच परत मागा. जांभ्यात बोअर मारून कोरडी गेलेली आमच्या वाडीतच तीन घरं आहेत. तुमच्या घरामागे जुनी विहीर असणारच, तिचा गाळ काढायला एवढे पैसे पुरतात.

— ताई