निदान होण्याआधी मानसिक आजार असतो का, की डॉक्टरांनी नाव दिल्यावर सुरू होतो?

प्रश्न थोडक्यात पुन्हा सांगते, म्हणजे फक्त उत्तर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्या ताई तिशी ओलांडलेल्या आहेत. पदरात लहान मूल, नोकरी चालू, आणि अलीकडेच एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, गोष्टी विसरतात, बेचैनी असते, असा विकार) निदान झालंय. नवरा म्हणतो, "डॉक्टरकडे जाईपर्यंत तू चांगली होतीस, नाव मिळालं आणि सगळं सुरू झालं." सासूबाई म्हणतात, "लग्नाआधीपासून होतं, तर आम्हाला सांगितलं का नाही?" ताईंना कळेना झालंय की निदानाच्या आधी आपल्याला हे होतं की नव्हतं.

गंमत अशी की हे दोन्ही आरोप एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. खोटे मात्र दोन्ही असू शकतात. तुमच्या लिहिण्यावरून मला तरी तसंच दिसतंय.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मानसोपचाराच्या ओपीडीत माझा बराचसा दिवस हिस्टरी घेण्यात जातो, म्हणजे समोरच्याचं आजवरचं आयुष्य विचारून विचारून लिहून काढण्यात. एडीएचडीसाठी रक्ताची तपासणी नाही, एमआरआयमध्ये तो दिसत नाही. जे काही ठरतं ते या हिस्टरीवर. आणि तिथे पहिलाच प्रश्न लहानपणाचा असतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची डीएसएम नावाची निदानपुस्तिका आहे, आपल्याकडेही ती सर्रास वापरतात. तिचा नियम असा की काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून दिसत असली पाहिजेत, तीही घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी, आणि त्यांच्यामुळे कामं अडत असली पाहिजेत. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी नीट विचारपूस करून निदान केलं असेल, तर 'आधी होतं का' याचं उत्तर त्या निदानातच आलं. आधी नसतं तर त्यांना हे नाव देताच आलं नसतं.

पुरावा कुठून येतो म्हणाल, तर जुन्या प्रगतिपुस्तकांतून. आया ती जपून ठेवतात, जातीचा दाखला आणि लसीकरणाच्या कार्डाबरोबर, एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी टेबलावर रिकामी झाली की मी आधी मार्क बघत नाही, खालचा शेरा बघते. "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते." "वह्या अपूर्ण." "उत्तरे घाईत लिहिते, पेपर तपासून पाहत नाही." तिसरीच्या बाईंनी लिहिलेलं, सातवीच्या सरांनीही तेच. त्यांच्यातल्या एकानेही एडीएचडी हा शब्द ऐकलेला नसतो, म्हणूनच तो शेरा मला मोलाचा वाटतो. निदानाच्या प्रभावाखाली लिहिलंय असं त्याबद्दल कुणी म्हणू शकत नाही.

मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? बाकावर उभा राहणारा, खिडकीतून उडी मारणारा मुलगा शाळेला दिसतो. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी दिसत नाही. ती कुणाला त्रास देत नाही, वर पास होत राहते. त्यात घरी आई असते. डबा घेतला का, कंपास घेतली का, हॉल तिकीट कुठाय, हे दारात उभं राहून विचारणारी. पुढे होस्टेलवर एखादी मैत्रीण ते काम करते. लग्न होतं, नोकरी असतेच, मूल होतं, आणि आता डबा, लाइट बिल, डोसांच्या तारखा, पाळणाघराची फी हे सगळं लक्षात ठेवण्याची जबाबदारी तिच्यावरच येते. आजवर दुसऱ्याच्या आठवणीवर चाललेला कारभार इथे कोसळतो. तुमच्या मिस्टरांना 'आत्ता सुरू झालं' असं वाटतंय ते यामुळेही असेल. कोसळलेलं त्यांनी पाहिलं, आधीचा टेकू त्यांना कधी दिसलाच नव्हता.

त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. निदानानंतर माणूस स्वतःकडे बारकाईने बघायला लागतो. पूर्वी दूध उतू गेलं की "गेलं बाई" म्हणून ओटा पुसला जायचा, आता "बघ, माझं हे असं होतं" असं म्हटलं जातं. दूध पूर्वीही तितकंच उतू जात होतं, उल्लेख वाढला. काही जण मात्र पुढे जाऊन प्रत्येक भांडण, प्रत्येक आळस त्या नावाखाली घालायला लागतात. ते मलाही पटत नाही.

हा सगळा प्रकार मोबाइलच्या जमान्याचा आहे असं म्हणणारेही भेटतील. अलेक्झांडर क्रिक्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ साली, नाव-गाव काही ठरलेलं नसताना, अशा माणसांचं वर्णन करून ठेवलंय. खोलीत कुणी येरझाऱ्या घातल्या, टेबल सरकलं, दार आपटलं, एवढ्यानेही ज्यांचं लक्ष उडतं आणि जी बेचैन होतात अशी माणसं. वाचताना मला ओपीडीतले चेहरे आठवतात. एडीएचडी हे नाव डीएसएममध्ये आलं १९८७ साली. मधली जवळजवळ दोनशे वर्षं ही माणसं जगतच होती, फक्त त्यांना वेंधळी, बेजबाबदार म्हणत असत.

आता जरा अवघड भाग. त्रास आधीपासून असतो हे खरं, पण 'विकार' म्हणायचा कुठून, ती रेषा माणसांनीच आखलेली आहे आणि ती सरकते. वयाची अट २०१३ पर्यंत १२ नव्हे, ७ वर्षांची होती. लहान मुलांत नऊपैकी सहा लक्षणं लागतात, मोठ्यांत पाच पुरतात. चार असलेल्या बाईला काहीच होत नाही आणि पाचवं दिसताच आजार झाला, असं शरीरात काही घडत नसतं. साखरेचंही असंच आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या डायबेटिस संघटनेने उपाशीपोटीच्या साखरेची हद्द १४० वरून १२६ वर आणली, तेव्हा कित्येक जण रक्तात काहीही न बदलता मधुमेही ठरले. रेषा चुकीच्या जागी आखली गेल्याचीही उदाहरणं आहेत. समलैंगिकता १९७३ पर्यंत डीएसएम काढणाऱ्या त्याच अमेरिकन संघटनेच्या लेखी विकार होती. ती माणसं आधीही होती, नंतरही आहेत. विकार मात्र आधीही नव्हता. म्हणून 'पुस्तकात आहे म्हणजे आजार आहे' असं मी कुणाला सांगत नाही. त्रास किती, काय अडतंय, हे विचारते.

शिवाय प्रत्येक निदानाला लहानपणाचं मूळ असतंच असंही नाही. अपघातानंतर जडणारा पीटीएसडी, म्हणजे त्या धक्क्याच्या आठवणी पुन्हापुन्हा छळण्याचा आजार, अपघाताआधी नसतो. डिप्रेशन दोन आठवड्यांच्या लक्षणांवर ठरतं आणि बऱ्याच जणांना ते आयुष्यात मधेच कधीतरी येतं. एडीएचडीबद्दलही संशोधकांचं एकमत नाही. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला. ३८व्या वर्षी ज्यांच्यात एडीएचडी दिसला, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या लहानपणच्या नोंदींत तो नव्हताच, असं पाठपुरावा करणाऱ्या संशोधकांनी २०१५ साली जाहीर केलं आणि खळबळ उडाली. पुढे इतर संशोधकांनी अशा 'उशिरा सुरू झालेल्या' लोकांची खोलात जाऊन तपासणी केली, तेव्हा बहुतेकांच्या लक्षणांमागे व्यसन किंवा दुसरा मानसिक आजार असं वेगळंच कारण निघालं. माझ्या कामापुरता यातून मी एवढाच अर्थ घेते, की लहानपणाचा पुरावा मिळत नसेल तर घाई करायची नाही. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन, थायरॉइड, वर्षभराची अपुरी झोप यांनीही लक्ष उडतं, गोष्टी विसरतात. तुमचं मूल लहान आहे, म्हणून मुद्दाम विचारते: हे सगळं तपासलं गेलंय ना? नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

सासूबाईंच्या आरोपाचं काय? जे तुम्हालाच माहीत नव्हतं ते लपवणार कसं? हे त्यांना शांतपणे, एकदाच सांगा. कुणी कायद्याचा धाक घालत असेल तर एवढं माहीत असू द्या. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकाराचा उल्लेख आहे, पण नुसत्या नावाने काही होत नाही. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या १९८८ सालच्या खटल्यात नवऱ्याने बायकोला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) आहे असं म्हणत घटस्फोट मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आजाराचं लेबल पुरेसं नाही, तो इतक्या प्रमाणात असला पाहिजे की जोडीदाराने सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. स्किझोफ्रेनियाची ही कथा, तर वेळेवर बिल न भरणाऱ्या बाईचं काय घेऊन बसलात! अर्थात खरंच नोटीस आली तर वकील गाठा, माझ्यासारखीच्या उत्तरावर विसंबू नका.

विम्याच्या बाबतीत मात्र कागदावरची तारीखच बोलते. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार झाले, तोच आरोग्य विम्याच्या लेखी 'आधीपासूनचा आजार'. तिथे तिसरीतल्या बाईंचा शेरा कुणी विचारत नाही. आता तुमचं निदान झालंय, तेव्हा नवी पॉलिसी घेताना फॉर्ममध्ये ते लिहा, नाहीतर पुढे क्लेम अडतो.

पुढच्या भेटीला मिस्टरांना सोबत घेऊन जा. डॉक्टरांना त्यांच्याकडूनही ऐकायचं असतं, आणि "आधी काही नव्हतं" हे त्यांचं म्हणणं तिथे मोकळेपणाने मांडता येईल. माझ्याकडे असे आलेले नवरे बहुतेकदा पंधराएक मिनिटांत स्वतःच सांगायला लागतात, की हनिमूनला निघताना तिकिटं घरीच राहिली होती. आईला प्रगतिपुस्तकं शोधायला सांगा. सापडली नाहीत तर तिला फोनवर घ्या. सासूबाईंना पहिल्या खेपेला नेऊ नका.