स्टीमपंकची आवड आहे, पण राहतो खान्देशात. हाताने वस्तू बनवायची सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही अमळनेरला राहता. पितळी चाकं, नळ्या, काटे लावलेले दिवे, चष्मे आणि घड्याळं फोटोत पाहून वेड लागलंय, पण सामान परदेशातून मागवावं लागेल असं वाटतं. ऑनलाइन मिळणारं शोभेच्या दातेरी चाकांचं पाकीट घ्यावं का, हेही विचारलंय.

पाकीट घेऊ नका. तुम्ही जिथे बसलात तिथेच या कलेचं खरं सामान भंगारात पडलेलं आहे.

‘स्टीमपंक’, म्हणजे वाफेच्या जमान्यातल्या यंत्रांच्या धाटणीने वस्तू आणि गोष्टी रचायची शैली. हा शब्द तसा नवा. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये एका मासिकाला पाठवलेल्या पत्रात तो पहिल्यांदा वापरला. पण या कलेची मुळं फ्रेंच कादंबरीकार जूल्स व्हर्नपर्यंत जातात, आणि व्हर्नची आगगाडी आपल्या शेतांतून गेलेली आहे. त्याच्या १८७३ सालच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाच्या कादंबरीत तिचा नायक फॉग मुंबईहून जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने निघतो, नाशिक मागे टाकतो, खान्देशाचा सपाट, पिकाऊ मुलूख ओलांडतो आणि बऱ्हाणपूरला थांबतो. इंजिनाचा धूर कापसाच्या शेतांवर पसरतोय असं व्हर्नने लिहिलंय. त्याच ओळीत कॉफी, लवंग आणि मिरीचे मळेही येतात, ते काही आपले नव्हेत. पण कापूस आपला, लोहमार्ग आपला. पुढे १८८० मध्ये तर त्याने हिंदुस्थानभर फिरणारा वाफेवरचा लोखंडी हत्तीच लिहिला. व्हर्नच्या जन्मगावी, फ्रान्समधल्या नांतमध्ये २००७ पासून लोकांना पाठीवर घेऊन चालणारा १२ मीटर उंचीचा यांत्रिक हत्ती आहे. त्याचे फोटो जरूर पाहा. पायांचे सांधे उघडे दिसतात.

मला या कलेत आवडतं ते हेच. यंत्राने आपलं पोट उघडं ठेवायचं. काय कशाला ढकलतंय, काय कशाने फिरतंय, हे लहान पोरालाही बघून कळलं पाहिजे. म्हणून डब्याला डिंकाने चिकटवलेलं, कशालाच न फिरवणारं चाक मला बघवत नाही. चाक लावलं तर त्याने काम केलं पाहिजे.

मी भुसावळचा. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथे आता विजेची इंजिनं दुरुस्त होतात, त्याआधी वाफेची व्हायची. पाचोरा-जामनेरची पीजे गाडी मी शेकडो वेळा पाहिली. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी २०२० मध्ये थांबली तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. घरात आजीचा तांब्याचा बंब होता. खाली निखारे, मधून धुराची नळी, भोवती पाणी, बाजूला पितळी तोटी. मधल्या नळीने पाणी तापवायची बॉयलरची युक्ती मला त्या बंबाने शिकवली.

माझी पहिली वस्तू मात्र दुःखाची आहे. कॉलेजात असताना मी जुन्या बाजारातून ठोक्याचं भिंतीवरचं घड्याळ आणलं, चाकांसाठी खोललं आणि त्या चाकांचा दिवा केला. कौतुकाने गल्लीतल्या म्हाताऱ्या घड्याळजींना दाखवायला नेला. त्यांनी एक चाक बोटांत धरून बघितलं आणि विचारलं, “हे चालत होतं ना? मग चालतं घड्याळ कशाला मारून राह्यला रे भो?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून चालणारी किंवा दुरुस्त होण्यासारखी वस्तू मी मोडत नाही. तुम्हीही हा नियम आधी पाळा. घड्याळजींकडे न जुळणाऱ्या सुट्या भागांच्या डब्या असतात, त्या मागा. मात्र अंधारात चमकणाऱ्या काट्यांची फार जुनी विलायती घड्याळं मिळाली तर तो रंग खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं, आणि त्याची धूळ श्वासात जाणं घातक आहे.

पहिली वस्तू म्हणून पंपाचा पितळी स्टोव्ह निवडा. बर्नर जळलेला, टाकीला चीर गेलेला, असा भंगारात वजनावर मिळतो. टाकी साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा आणि तरीही तिच्यावर आच लावू नका, झाळकाम करू नका. आत रॉकेलची वाफ उरलेली असली तर टाकी फुटते. आता पंपाचा दांडा काढून त्याचा वायसर पाहा. चामड्याचा तो छोटा वाटीसारखा तुकडा सगळी हवा कोंडतो. पंपाच्या नळीच्या तळाशी दाबायचं बटण बसवा, म्हणजे पंप एकदा दाबला की दिवा लागेल, पुन्हा दाबला की विझेल. हवा सोडायच्या किल्लीला डिमर जोडा. किल्ली सैल केली की स्टोव्ह मंद व्हायचा, तसाच आता उजेड मंद होईल. बर्नरच्या जागी पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब. वीज १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरूनच घ्या, धातूच्या अंगात २३० व्होल्ट खेळवू नका. असा दिवा माझ्या आईने पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा न सांगता तिने पंप मारला. मला अजून तो क्षण आठवतो.

धातूबद्दल थोडं. तांबं ठोकून ठोकून कडक झालं की मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा, ते मऊ पडतं. पोलाद याच्या उलट वागतं. पितळेला भोक पाडताना ड्रिलचं पातं एकदम धरतं आणि तुकडा हातातून गरकन फिरतो, म्हणून तो व्हाइसमध्ये घट्ट आवळा आणि पात्याची धार किंचित बोथट करा. जुनं पितळ मिळालं की लगेच चिंच लावून चकचकीत करू नका. तो काळसरपणा यायला वर्षं लागतात. नव्या तुकड्यावर हिरवी झाक हवी असेल तर मीठ आणि व्हिनेगर लावून तो अमोनियाच्या वाफेत, झाकलेल्या डब्यात एक-दोन दिवस ठेवा, पण हे मोकळ्या अंगणात करा.

फिरणारी वस्तू करायची तर सायकल सर्वांत चांगली शिक्षक. पुढे ४८ दात्यांचं चाक, मागे १६ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक तीन फेरे. ही गुणाकाराची गोष्ट बोटांनी मोजली की एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याचं दातेरी चाकांचं मोजणी यंत्रही परकं वाटत नाही. ते त्याच्या हयातीत पूर्ण झालंच नाही. त्याच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये मोजणीचा भाग उभा केला, आणि तो बरोबर चालला.

सध्या मी सरकी काढायची हाताची चरकी करतोय. आपल्याकडे जिनिंगचे भोंगे वाजायच्या कितीतरी शतकं आधी ही चरकी होती. दोन रूळ उलट दिशांनी फिरतात, आणि त्यांना जोडणारे लाकडी मळसूत्री दाते हा हिंदुस्थानी कारागिरांचा कमाल शोध आहे. माझ्या चरकीचे दाते पितळेचे आहेत, बाजूंना काच आहे. गेले दोन महिने रूळांमधली फट जमत नव्हती, सरकी चिरडत होती. परवा घराजवळच्या शेतातलं एक बोंड घेतलं आणि हँडल हळू फिरवलं. रुई पलीकडे गेली, सरकी अख्खी अलीकडे पडली. आता हँडल काढून तिथे सायकलची साखळी घ्यायची आहे.