अमेरिकन उजव्यांचं आपसात का जुळत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रिपब्लिकन पक्ष एवढा ट्रम्पच्या मागे उभा आहे, मग एच-१बी (परदेशी कुशल कामगारांचा नोकरीचा व्हिसा), टॅरिफ (आयातीवरचा कर), खर्चकपात अशा प्रत्येक विषयावर हेच लोक एकमेकांवर का तुटून पडतात? त्यातला खरा कंझर्व्हेटिव्ह, म्हणजे उजव्या विचारांचा, कोण? आणि भाचा एमएसला निघालाय, तर कुणाच्या बोलण्यावर भरवसा ठेवायचा?

मी न्यू जर्सीत चोवीस वर्षं आहे, मत द्यायला लागून आठ. हे मतभेद मला पहिल्यांदा नीट कळले ते घराच्या प्रॉपर्टी टॅक्समुळे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमच्याकडे हा कर चार हप्त्यांत भरायचा: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, एक तारखेला. राज्याची सरासरीच वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात आहे. माझा तेरा हजारांच्या वर जातो, शिवाय राज्याचा इन्कम टॅक्स वेगळा. पूर्वी हे सगळं फेडरल टॅक्स भरताना उत्पन्नातून वजा करता यायचं. २०१७ मध्ये रिपब्लिकनांनीच केलेल्या कायद्याने त्या वजावटीला १०,००० डॉलरची मर्यादा घातली. करकपात म्हणजे या पक्षाचा कुळधर्म, तरी न्यू जर्सीच्या पाच रिपब्लिकन खासदारांपैकी चौघांनी त्या विधेयकाविरुद्ध मत दिलं. पाचवे टॉम मॅकआर्थर बाजूने गेले आणि पुढच्याच वर्षी डेमोक्रॅट अँडी किमकडून हरले. (आरोग्यविम्याचा रागही लोकांच्या डोक्यात होता, सगळं खापर करावर फोडत नाही.)

टेक्सासचा रिपब्लिकन म्हणतो, तुमच्या राज्याने कर वाढवून ठेवलेत, त्याची झळ आमच्या लोकांनी का सोसायची? तत्त्वाने मला त्याचं पटतं. हप्त्याची तारीख जवळ आली की पटेनासं होतं. २०२५ मध्ये ही मर्यादा ४०,००० वर गेली, कारण न्यू यॉर्क-न्यू जर्सीच्या मूठभर रिपब्लिकनांशिवाय ट्रम्पचं कर आणि खर्चाचं मोठं विधेयक पुढे सरकत नव्हतं. मे महिन्यात हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ते पास झालं २१५ विरुद्ध २१४ मतांनी. इतक्या काठावर दोन-चार जण रुसले तरी त्यांचे लाड पुरवावे लागतात.

आता थोडं मागे जाऊ. १९५५ मध्ये विल्यम बकलीने ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे उजव्या विचारांचं मासिक सुरू केलं. तेव्हापासून तीन प्रकारची माणसं उजव्या चळवळीच्या छपराखाली आली: बाजारावर सरकारचा हात नको म्हणणारी, धर्म आणि कुटुंबाची काळजी असणारी आणि कम्युनिझमशी लढू पाहणारी. सोव्हिएत रशिया ही सामाईक सासू होती तोवर या तिन्ही जावा बऱ्यापैकी नांदल्या. १९९१ मध्ये सासू गेली आणि १९९२ च्या न्यू हॅम्पशायर प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) पॅट ब्युकॅनन आपल्याच पक्षाच्या विद्यमान अध्यक्षाविरुद्ध, थोरल्या बुशविरुद्ध, उभे राहिले. विदेशी युद्धं नकोत, मुक्त व्यापार नको, स्थलांतर आवरा, हे त्यांचं म्हणणं. सदतीस टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. ट्रम्पने नवीन काही शोधलं असं मला वाटत नाही. ब्युकॅननचं हरलेलं सामान माळ्यावर पडून होतं, ते त्यांनी खाली काढलं.

स्थलांतराचंच बघा. १९८४ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलच्या अग्रलेखात सीमा खुल्या ठेवण्याची घटनादुरुस्ती सुचवली होती. १९८६ मध्ये रेगनच्या सहीच्या कायद्याने सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा मिळाला. २०१३ मध्ये रिपब्लिकन सिनेटर मार्को रुबियोंनी पुढाकार घेतलेलं स्थलांतर सुधारणेचं विधेयक सिनेटमध्ये ६८-३२ ने पास झालं, पण स्पीकर बेनर यांनी ते हाउसमध्ये मतदानालाच आणलं नाही. २०१४ मध्ये हाउसमधले बहुमत-नेते एरिक कँटर प्रायमरीत एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले, आणि त्यानंतर तडजोडीची भाषा बोलायची कुणाची छाती झाली नाही.

म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये एच-१बीवरून जे पेटलं, ते जुनंच भांडण होतं. व्हिसाच्या बाजूने उद्योगपती इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी, विरोधात ट्रम्पचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन. रामस्वामींनी अमेरिकन संस्कृती सुमारपणाला डोक्यावर घेते असं लिहिलं आणि आगीत तेल ओतलं. ट्रम्पनी तेव्हा व्हिसाची बाजू घेतली आणि नऊ महिन्यांनी, १९ सप्टेंबर २०२५ ला, नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. माझ्या टीममधला एक मुलगा तेव्हा वडिलांच्या श्राद्धाला नाशिकला गेलेला. शनिवारी सकाळी बातमी वाचून तिप्पट दराचं तिकीट काढलं, पितरांचं पान तसंच सोडून कसारा घाट उतरला. रात्री उशिरा खुलासा आला की आधीच व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही. तेव्हा तो विमानतळाबाहेर बॅगेवर बसून वडापाव खात होता.

टॅरिफचंही तसंच. एप्रिल २०२५ मध्ये कॅनडावरच्या टॅरिफविरुद्धचा ठराव सिनेटमध्ये ५१-४८ ने पास झाला. चार रिपब्लिकन फुटले, त्यातले दोघे, रँड पॉल आणि मॅककॉनेल, केंटकीचे. कॅनडातल्या प्रांतांनी अमेरिकन दारू दुकानांतून उचलली होती आणि बर्बन ही व्हिस्की केंटकीची. पॉल यांचा टॅरिफविरोध तसा जुना आणि खराही, पण बर्बनने तो आणखी घट्ट केला असणार.

मिझुरीचे सिनेटर जॉश हॉली यांचं उदाहरण मला सगळ्यात जास्त बोलकं वाटतं. मिझुरीच्या मतदारांनी २०२० मध्ये सार्वमत घेऊन मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) वाढवून घेतलं होतं. त्यामुळे मे २०२५ मध्ये हॉलींनी मेडिकेड कपातीविरुद्ध जाहीर लेख लिहिला, जुलैमध्ये ती कपात असलेल्या, वर सांगितलेल्या त्याच विधेयकाला मत दिलं (ग्रामीण रुग्णालयांसाठी ५० अब्ज डॉलरचा निधी पदरात पाडून), आणि त्याच महिन्यात ती कपात मागे घेणारं विधेयकही मांडलं. याला दुटप्पीपणा म्हणा. मी त्यांच्या मतदारसंघाकडे बघतो.

त्यामुळे खरा कंझर्व्हेटिव्ह कोण, याला माझ्याकडे उत्तर नाही. ‘हा गट, तो गट’ अशी कायमची यादी करूनही उपयोग होत नाही. केंटकीचे रिपब्लिकन थॉमस मॅसी सरकारी खर्चावर सगळ्यांत कडवे, टॅरिफच्या विरोधात आणि इराणवरच्या हल्ल्याच्याही. कुठल्या डब्यात टाकणार? दर विधेयकाला कुणाच्या खिशातून जातंय ते बघावं लागतं.

आता भाच्याबद्दल. एच-१बीचा कोटा, ६५,००० अधिक इथे मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००, कायद्यात आहे. तो बदलायला सिनेटमध्ये शंभरपैकी साठ मतं लागतात आणि तेवढी दोन्ही गटांकडे नाहीत. म्हणून सगळी ओढाताण अध्यक्षांच्या आदेशांभोवती चालते. ऑक्टोबर २०२५ च्या खुलाशाप्रमाणे इथेच शिकून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून एच-१बीवर जाणाऱ्याला ते लाखाचं शुल्क नाही. ओपीटीचं, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या मुभेचं, मात्र तसं नाही. पदवीनंतरचं ते एक वर्ष आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवीवाल्यांना मिळणारी पुढची दोन वर्षं संसदेच्या कायद्यात कुठेच नाहीत, निव्वळ खात्याच्या नियमावर चालतात, आणि नियम बदलायला साठ मतं लागत नाहीत. त्याला सांगा, कर्जाचा हिशेब ओपीटीचे तीनही वर्षांचे पगार धरून करू नकोस.