बिलावरची अक्षरं उडाली, आता वॉरंटीचं काय?

प्रश्न : फ्रिज घेऊन तीन वर्षं झाली, आता थंडच होत नाही. दारावर ‘कॉम्प्रेसर 10 वर्षं’ असं ठळक लिहिलंय. बिल काढलं तर कागद कोरा! सर्व्हिस सेंटरवाले बिलाशिवाय दाद देत नाहीत.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, त्या गुळगुळीत कागदावर शाई नसतेच. उष्णतेनं अक्षरं उमटतात आणि उन्हाधगीनं कागद खराबही होतो. आधी दुकान गाठा. जीएसटीत नोंदलेल्या दुकानाला हिशेब सहा वर्षं जपावे लागतात. खरेदीचा महिना आणि तेव्हाचा मोबाईल नंबर सांगून बिलाची प्रत मागा. ‘कॉम्प्युटर बदलला’ वगैरे ऐकून परतू नका! कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेची नोंद आणि फ्रिजवरचा अनुक्रमांकही जोडा.

मात्र ती 10 वर्षं बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असतात. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च तुमच्याच माथी येऊ शकतो. वॉरंटी कार्डामागची बारीक अक्षरं वाचा आणि बिघाड नेमका कशात आहे, ते लेखी घ्या.

तरी टोलवलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं शुल्क नाही. तक्रारीची मुदत खरेदीपासून नव्हे, तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची.