तोंडी तक्रारीचे दिवस मोजले जात नाहीत

चोपडा तालुक्यातल्या एका केळी उत्पादक भाऊंचं पत्र आहे. २०१७ मध्ये त्यांनी एका फायनान्स कंपनीकडून ट्रॅक्टरसाठी कर्ज घेतलं. सहामाही हप्ते होते, शेवटचा डिसेंबर २०२२ मध्ये भरला. कंपनीनं एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा ना-हरकत दाखला दिला, आरसीवरचा बोजाही उतरला. गेल्या जूनमध्ये मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत कर्ज मागायला गेले, तर कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात तेच कर्ज चालू दिसतंय, ४८,६०० रुपये थकीत आणि स्कोअर ६१२. पहिल्या वर्षाची फी उसनवारीवर भागवली. सात महिने शाखेत चकरा मारून झाल्या. आता शाखेतला माणूस म्हणतो, वीस हजार भरा, सेटल करून देतो. एक एजंट बारा हजारांत स्कोअर वाढवून द्यायला तयार आहे. कोर्टात जावं का, असं ते विचारतात.

भाऊ, तुमच्या चार पानी पत्रात मी एकच गोष्ट शोधत होतो: लेखी तक्रार कोणत्या तारखेला दिली? ती कुठेच नाही. साहेबांना भेटलो, फोन केला, "हुई जाई भाऊ" म्हणाले, पुन्हा भेटलो. पोळा गेला, दिवाळी गेली, आणि तुमच्या हातात आवक शिक्का मारलेला एक कागद नाही. अशी पत्रं मला सारखी येतात आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण सगळं प्रकरण याच कागदावर उभं असतं.

रिझर्व्ह बँकेचं २६ ऑक्टोबर २०२३ चं परिपत्रक आहे, २६ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. चुकीच्या नोंदीची तक्रार दाखल झाल्यापासून ३० दिवसांत ती निकाली काढायची. त्यातले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. तेवढ्यात तिनं दुरुस्त माहिती क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे सिबिलसारख्या कंपनीकडे पाठवायची. ३० दिवस उलटले की पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला १०० रुपये भरपाई. दिरंगाई संस्थेची असेल तर संस्था देते, ब्युरोची असेल तर ब्युरो. पण हे दिवस तक्रार दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजतात, साहेबांशी बोलणं झालं त्या दिवसापासून नाही. जूनच्या १० तारखेला तुम्ही अर्ज दिला असता तर १० जुलैला मुदत संपली असती आणि आज, जानेवारीत, तुम्ही १८ हजारांच्या आसपास भरपाई मागू शकला असता. ते दिवस गेले. आता उद्याचा दिवस घालवू नका.

वीस हजारांचं म्हणाल, तर एक रुपयाही भरू नका. भरलेत तर त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा येईल, म्हणजे कर्जदारानं पूर्ण पैसे दिले नाहीत, तडजोडीत मिटवलं. ही नोंद मग तुमच्या संमतीनं झालेली असेल, तिला चूक म्हणता येणार नाही आणि पुढची प्रत्येक बँक तिच्यावर बोट ठेवेल. तुम्हाला 'क्लोज्ड' हवं आहे. तुम्ही कर्ज फेडलंय, तडजोड केलेली नाही.

ते फेडल्याचा भक्कम पुरावा तुमच्याच घरात आहे आणि पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. आरटीओत बोजा उतरवताना फॉर्म ३५ द्यावा लागतो आणि त्यावर कंपनीचा सही-शिक्का असतो. आमचा या गाडीवरचा करार संपला, असं कंपनीनं तिथे स्वतः लिहून दिलेलं असतं. थकबाकी असताना अशी सही कोणती कंपनी करते? फॉर्मची प्रत सापडत नसेल तर बोजा नसलेली आरसी आणि एनओसी जोडा. आणि वसुलीवाल्यानं मशीनमधून काढून दिलेल्या शेवटच्या दोन हप्त्यांच्या पावत्या आजच झेरॉक्स करा. त्या कागदावरची शाई उडते. माझ्या एका अशिलाच्या पावतीवर कंपनीचं नाव तेवढं उरलं होतं, रक्कम गेली होती.

तक्रारीत स्कोअर वाढवा असं लिहू नका. स्कोअर कसा काढला या वादाला ही भरपाई लागू नाही. वाद नोंदीचा घाला: अमुक क्रमांकाचं कर्ज अमुक तारखेला पूर्ण फिटलं, एनओसी या तारखेची, अहवालात ४८,६०० थकीत दाखवलेत ते चूक आहे, दुरुस्ती पाठवा आणि खातेउतारा द्या. दंडव्याज वगैरे काही बाकी होतं असं कंपनीचं म्हणणं असेल तर ते उताऱ्यात दिसेल. तसं निघालं तर मला पुन्हा लिहा, त्याचं उत्तर आज देता येणार नाही. अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलनं आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा, शाखेत एक प्रत देऊन दुसरीवर शिक्का घ्या. देशात ब्युरो चार आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा आणि जिथे जिथे ही नोंद दिसेल तिथे ऑनलाइन वाद नोंदवा.

एजंटाला बारा हजार कशाचे द्यायचे? २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्यातलं कलम २१ सांगतं की कर्ज देणाऱ्या संस्थेनं दुरुस्ती बरोबर आहे असं प्रमाणित केल्याशिवाय ब्युरो नोंद बदलत नाही. एजंट तुमच्याच कागदांवर तोच अर्ज करणार.

कोर्टाचा विचार आत्ता बाजूला ठेवा. ग्राहक आयोगात दाद मागता येते. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत आणि माझ्या टेबलावर तीन-तीन वर्षं तारखा घेणाऱ्या फायली आहेत. मुलीची फी त्यांच्यासाठी थांबणार नाही. शिवाय प्रकरण तिथे चालू असेल तर बँका-फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तक्रार घेत नाही.

नोंद दुरुस्त झाल्यावर स्कोअर किती वाढेल, हे मी सांगू शकत नाही. तोवर अर्जाची शिक्क्याची प्रत आणि एनओसी बँकेच्या कर्ज अधिकाऱ्याला दाखवा. मुलीच्या आईचा अहवाल स्वच्छ असेल तर सहकर्जदार म्हणून त्यांचं नाव चालेल का तेही विचारा. मानायचं की नाही हे बँक ठरवेल.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर ३१ व्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ती ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. मदत हवी असेल तर १४४४८ वर फोन करा. ब्युरोंवरही लोकपालाचा अधिकार चालतो. फायनान्स कंपनी फारच लहान असेल तर ती लोकपालाच्या योजनेबाहेर असू शकते आणि पतसंस्था तर असतातच, म्हणून कंपनीचं पूर्ण नाव एनओसीवरून मला कळवा. त्याच पत्रात शिक्क्यावरची तारीखही लिहा.