नागपूरहून आईबाबांना घेऊन दोन दिवस जाता येईल असं गरम पाण्याच्या झऱ्याचं जुनं, शांत ठिकाण कोणतं?

उनकेश्वर. मागच्या पौषात आम्ही बाबांच्या गुडघ्यांच्या निमित्ताने गेलो होतो, म्हणून सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘स्पा’, पांढरे टॉवेल, काकडीचं पाणी वगैरे डोक्यात असेल तर जाऊच नका. पैनगंगेच्या काठचं हे साधं खेडं आहे, नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात. महादेवाचं जुनं देऊळ आणि त्याच्याजवळ ऊन पाण्याची कुंडं, एवढंच. नावातच ‘ऊन’ आहे बघा, ‘ऊन ऊन भात’ म्हणतो तेच. खानदेशातलं उनपदेव, कोकणातलं उन्हवरे, सगळी याच कुळातली नावं.

इथल्या कथेप्रमाणे शरभंग ऋषींना कुष्ठ झालं होतं आणि रामाने बाण मारून त्यांच्यासाठी हे पाणी काढलं. भूगोलाच्या पुस्तकातलं कारण वेगळं. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. खाली ज्वालामुखी असावाच लागतो असं नाही. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी उष्णता वाढतेच.

पाणी अंगाला चांगलंच कढत लागतं. बाबा आधी फक्त पाय सोडून बसले आणि पाच मिनिटांत गळ्यापर्यंत आत! लोक याला गंधकाचं पाणी म्हणतात, त्वचारोग जातात म्हणतात. जाणार असाल तर श्रद्धेने जा, पण औषधं बंद करू नका. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरवा, आणि दहा मिनिटांनी बाहेर काढा. बाहेर येताना चक्कर येते, हात धरायला कुणीतरी हवं.

रस्ता असा: बुटीबोरी, वर्धा, कळंब, यवतमाळ, आर्णी, माहूर. माहूरपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. वर्ध्यात गोरसपाक (तिथली खास बिस्किटं) घ्या, आमच्या घरात त्याशिवाय वर्धा ओलांडत नाहीत. आर्णीनंतर पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपून मराठवाडा लागतो, आणि पुढे सागाचं जंगल सुरू होतं. मुक्काम माहूरलाच करा, उनकेश्वरला राहायच्या सोयीवर विसंबू नका. सकाळी लवकर निघालं की उन्हं चढायच्या आत कुंडावर पोचता.

माहूरला रेणुकेचं देऊळ, दत्तशिखर, अनसूयामाता आणि किल्ला, सगळंच डोंगरावर. गुडघे दुखत असतील तर एका दिवशी एकच करा. आम्ही रेणुकेच्या पायऱ्या हळूहळू चढलो. देवीला कुटलेल्या विड्याचा नैवेद्य असतो, तोच तांबूल प्रसाद म्हणून मिळतो. बाबांच्या दातांना पान झेपत नाही, पण हा कुटलेला, त्यामुळे माझ्या वाटचाही त्यांनीच खाल्ला.

डिसेंबर-जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. नवरात्रात माहूर आणि महाशिवरात्रीला उनकेश्वर, शांतता हवी असेल तर दोन्ही टाळा. मे महिन्यात तर मुळीच नको, नागपूरच्या उन्हाळ्यात गरम पाण्यात बसायला कोण जातं?

हो, सुती जुने कपडे न्या अंघोळीला. आणि साबण नेऊ नका, कुंडात इतरही लोक उतरतात.