पाढे पाठ आहेत, मग विभाज्य संख्या का अडतात?

"ताई, पाढे घडाघडा म्हणते, पण सातच्या विभाज्य संख्या लिही म्हटलं की पेन्सिल जागची हलत नाही." थोड्याफार फरकाने ही तक्रार पालकांकडून मी सतत ऐकते. पाठोपाठ "लक्षच देत नाही" हेही येतं. लक्ष नसणं हे कारण मला क्वचितच सापडलं आहे.

चौथीतल्या एका मुलीचं सांगते. बऱ्याच भेटी झाल्या, त्यातलं कामाचं तेवढंच.

मी विचारलं, "४२ ही संख्या सातच्या पाढ्यात आहे का?" तिने डोळे मिटून सात एके सातपासून सुरुवात केली. आई मध्येच म्हणाली, "लवकर सांग ना!" सूर तुटला, गाडी परत सात एकेवर. पाढा येत होता, पण एका चालीत आणि एकाच दिशेने. पाढ्याबाहेर सुटी अशी ४२ तिला कधी भेटलीच नव्हती.

आम्ही पाढे बाजूला ठेवले आणि बटणं घेतली. ४२ बटणांच्या सात-सातच्या ओळी लावल्यावर एकही उरलं नाही. "४५ असती तर?" "तीन उरतील," ती बटणांना हात न लावता म्हणाली. आधी हाताने करणं, मग चित्र, मग चिन्ह ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी मांडलेली वाट मी इतकी वर्षं धरून आहे, ती अशाच उत्तरांमुळे.

पुढे १ ते १०० चा तक्ता दिला. सातच्या पटीतली घरं रंगवत ती ७० पर्यंत आली आणि खडू खाली ठेवला.

"झालं?"

"हो. सात दाहे सत्तर. पाढा संपला."

"सत्तर बटणांच्या दहा ओळी झाल्या. अजून एक ओळ लावली तर?"

"सत्त्याहत्तर. पण ते पाढ्यात नाही."

"सात-सातच्या ओळींत बसतं का?"

ती बराच वेळ गप्प होती. मीही बोलले नाही, आईलाही खुणेनेच थांबवलं. अशा वेळी मोठ्यांनी तोंड उघडलं की मुलांचा विचार तिथेच थांबतो. मग तिने ७७ रंगवलं, ८४, ९१, ९८. तक्ता संपला तेव्हा बाजूच्या कोऱ्या जागेत स्वतःहून १०५ लिहिलं आणि म्हणाली, "म्हणजे पाढा संपत नाही, आपणच थांबतो?"

हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. आपण दरवेळी दहावर थांबतो, म्हणून मुलं दहा हाच शेवट धरून चालतात. ८४ सातने विभाज्य आहे का विचारलं की "नाही" म्हणतात आणि आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो. माझ्या मते अडचणीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

म्हणून पालकांना सांगते, पाढे पाठ करून घ्या, ते लागतातच, पण विचारताना मधूनच विचारा आणि "कसं कळलं?" हे जोडा. "७० आणि १४ मिळून ८४, दोन्ही सातच्या पटीत, म्हणून ८४ सुद्धा" असं मूल म्हणालं, तर ते भराभर म्हटलेल्या पाढ्याहून मला मोलाचं वाटतं. घड्याळ लावून तर मुळीच विचारू नका.

विभाजक आणि विभाज्य यांतला गोंधळही ओळींनीच सुटतो. १२ बटणं एकही न उरता किती-कितीच्या ओळींत लावता येतात? १, २, ३, ४, ६, १२. हे विभाजक, मोजके. आणि १२-१२ च्या ओळी वाढवत गेलं की १२, २४, ३६, कितीही. हे विभाज्य. शून्याची घाई नको. ० ही प्रत्येक संख्येची पट आहे, पण मुलाने विचारलं की मगच सांगा.

हे पक्कं झालं की त्याच तक्त्यावर चारच्या पटी एका रंगाने, सहाच्या दुसऱ्या रंगाने रंगवायला द्या. दोन्ही रंग आलेलं पहिलं घर १२, म्हणजे लसावि, दोघांच्याही पटीत येणारी सर्वांत लहान संख्या. पुढे १/४ आणि १/६ यांची बेरीज करताना छेद १२ का घ्यायचा, हे त्या मुलीला वेगळं समजवावं लागलं नाही.